निळी की पांढरी

सोमवार, ३

वही आणली ती कामासाठी. पहिल्या पानावर ‘नळ्यांची चाचणी’ असं लिहिलंही होतं, पण ते पान मी फाडलं. चाचणीच्या नोंदी दुसरीकडे करीन. ही वही हत्यारखोलीतल्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, नळी साफ करायच्या गजांच्या मागे राहील. तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

गेल्या बुधवारी खाडीच्या चौकीवर सात नंबरची बंदूक फुटली आणि लांब्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. लांब्या म्हणजे चौकीवरचा सगळ्यात उंच पहारेकरी. त्याचं खरं नाव हजेरीपटातच सापडतं. साहेबांनी आज ती बंदूक ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्यासमोर ठेवली. जिथं डावा हात धरतो, नेमकी तिथंच नळी उलली आहे. पत्रा बाहेर वळलाय. मी बोट लावून पाहिलं नाही.

तपासणीच्या रजिस्टरात पाच महिन्यांपूर्वीची नोंद आहे : ‘क्र. ७, नळी ठीक.’ खाली माझी सही. तो दिवस मला चांगला आठवतो. नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं, तर मिरपूड भुरभुरावी तसे गंजाचे खड्डे दिसले होते. बदलायला दुसरी नळी नव्हती. ‘चालेल,’ म्हटलं मनाशी.

अजून कुणी रजिस्टर मागितलेलं नाही.

साहेब म्हणाले, “आठ नव्या बंदुका मंजूर झाल्यात. कारखाना दोन्ही प्रकारच्या नळ्या देतो, निळी आणि स्टेनलेस. चौकीवर वापरून बघा आणि महिनाअखेर शिफारस लिहा. तुमच्या सहीनं जाईल.”

मी हो म्हटलं. 

मंगळवार, ४

हे परवापासून चौकीवर आहेत. रविवारी जातात, गुरुवारी येतात. बारा वर्षं हेच चाललंय. बुधवारी नळी फुटली तेव्हा हे लांब्याच्या शेजारीच होते. शनिवारी मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, “बोटीत बसूनच त्यानं हवेत बार काढला. चोरून वाळू उपसणारे वाळूवाले खाडीत पंप टाकून बसले होते, त्यांना हुसकायला. कानात अजून शिट्टी वाजतेय बघ.”

त्यांचा गणवेशाचा सदरा आज रफू केला. डाव्या बाहीला भोक पडलंय. बोटीच्या खिळ्याला अडकला म्हणतात. खिळाही चांगलाच लांब असणार, बाहीच्या एका बाजूनं घुसून दुसऱ्या बाजूनं निघालाय. दोन्ही भोकं गोल, कडा जरा करपल्यासारख्या. सासूबाई म्हणाल्या, “बोट दुरुस्त करायला सांग त्यांना.” सांगीन.

माझं सगळं लक्ष त्या रजिस्टरात. 

गुरुवार, ६

वस्तादांकडे जाऊन आले. तीस वर्षं हत्यारखोली त्यांनी सांभाळली, मला त्यांनीच शिकवलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनला घाबरतात, पण म्हणतात, “वेळ नाही गं.” दिवसभर खिडकीत बसून असतात.

मी विचारलं, निळी की पांढरी? स्टेनलेसला ते पांढरीच म्हणतात.

“निळी म्हणजे काय रंग आहे का? तोही गंजच. आपण मुद्दाम चढवलेला, आपल्या धाकातला. बाहेरच्या गंजाला तो थोडाफार अडवतो, पण वरून तेल हवंच. निळी रोज विचारपूस मागते. पांढरी मागत नाही, म्हणून माणसं तिच्याकडे बघायचंच सोडतात. आणि डाग तिलाही पडतो, उशिरा पडतो एवढंच.”

“म्हणजे कुठली घेऊ?”

“सही कुणाची आहे?”

“माझी.”

“मग मला कशाला विचारतेस?” हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, “सात नंबर कुठं फुटली?”

मी जागा सांगितली.

“म्हणजे आतून खाल्लेली होती. तोंडात चिखल बसला असता तर तोंडाशी फुटली असती.”  “तू आत पाहिलं होतंस ना?”

पाहिलं होतं, म्हटलं. काय दिसलं ते त्यांनी विचारलं नाही. चहा घेतल्याशिवाय सोडलं मात्र नाही, आणि तो घशाखाली उतरेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले, जितकं दिसतं तितक्या डोळ्यांनी.

रविवार, ९

नमुन्याच्या दोन बंदुका शुक्रवारी आल्या. घडण एकच, फरक नळीचा. निळी अंधाऱ्या विहिरीच्या पाण्यासारखी, काळपट. पांढरी लखलखीत.

आज सकाळी दोन्ही यांच्या हवाली केल्या. यांनी निळी उचलली, खांद्याला लावून पाहिली. पांढरी नुसती हातात तोलली आणि म्हणाले, “हिच्यात बघून दाढी करता येईल.” सासूबाई हसल्या. मी हसले नाही, सूचना सांगत होते. दोन्ही बाहेरच्या खुंटीला टांगायच्या. गस्तीला एक दिवस ही, एक दिवस ती. तेल लावायचं नाही, पुसायचं नाही. खारी हवा काय करते ते मला बघायचंय.

निघताना दारात थबकले. “निळीच घेतली तर नाही का चालणार?”

“का? तुम्हाला दिसायला आवडली म्हणून?”

“तसं नाही.”

“मग कसं?”

“काही नाही,” म्हणाले आणि गेले. बारा वर्षांत या माणसानं एक वाक्य पुरं केलं असेल तर शपथ.

बुधवार, १२

सामानाच्या बोटीतून चौकीवर गेले. नावाडीमामांनी बोट सरळ न नेता अलीकडच्या काठाला घासून, बोरूच्या दाटीतून नेली. अर्धा तास जास्त लागला. म्हटलं, मामा, रस्ता चुकलात का? म्हणाले, “ताई, इकडनं वारा लागत नाही.” वारा तर नव्हताच.

निळीवर तीन दिवसांत तोंडाशी गंज फुटलाय. लालसर ठिपके, तान्ह्या पोराच्या अंगावर घामोळं यावं तसे.  सात नंबरची सुरुवात अशीच झाली असणार.

आणि पांढरी? तिला खालपासून वरपर्यंत जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. माझं डोकंच फिरलं. ओलं फडकं खारं पाणी धरून ठेवतं, त्यानं तर हमखास डाग पडेल. शिवाय चाचणी कसली मग ही? यांना सगळ्यांसमोर विचारलं, “हे कुणी केलं?”

“मी. हाताला गार लागते.”

“गार लागते म्हणून? लांब्याची दोन गेली, तुमची किती जाऊ द्यायची?”

मी स्वतः पट्ट्या सोडल्या आणि पिशवीत घातल्या. पुन्हा गुंडाळायच्या नाहीत, असं बजावून सांगितलं. यांनी एकदा पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग “बरं” म्हणाले.

चौकीचं रूपही पार बदललंय. खाडीच्या बाजूच्या भिंतीला आतून दुसऱ्या फळ्या ठोकल्यात, खिडकीला गोणपाट. टेबल धड असताना सगळे जमिनीवर, भिंतीला पाठ लावून जेवत होते. बायका नसल्या की पुरुष असेच राहतात.

शुक्रवार, १४

मन पांढरीकडे झुकलंय. मसुदाही लिहिला. गंजाची भीती एकदाची जाईल. आज कित्येक दिवसांनी दुपारी डोळा लागला.

हे काल आले तेव्हापासून आवराआवरीचं भूत शिरलंय अंगात. कपाटातले सगळे कागद काढले, घराचे एका पिशवीत, आईच्या औषधांचे दुसऱ्या. मला बोलावून कुठं काय आहे ते दोनदा दाखवलं. म्हटलं, मला काय करायचंय, तुम्ही आहात की. तर म्हणाले, “असू दे, माहीत असलेलं बरं.” मग आईची नखं कापून दिली. सासूबाई खूश. मला सांगतात, “बघ, वय झालं की पोरं सुधारतात.”

सोमवार, १७

काल संध्याकाळी पाचच्या सुमाराला यांना गोळी लागली.

जिवंत आहेत. डाव्या खांद्याखालून आरपार गेली, हाड चाटून. रात्रीच ऑपरेशन झालं.

नावाडीमामा बोट चालवत होते, त्यांनीच सांगितलं. हे पुढं बसले होते. मांडीवर पांढरी बंदूक. ऊन समोरून, कललेलं. “ताई, बोट वळली नि नळी अशी चमकली की माझेच डोळे दिपले. पलीकडनं लगेच बार आला.”

पट्ट्या माझ्या पिशवीत आहेत. अजून काढल्यासुद्धा नाहीत.

बुधवार, १९

दवाखान्यात. हे जागे होते. मी बाकावर बसले आणि म्हटलं, “बाही खिळ्याला अडकली नव्हती.”

“नाही.”

“कधीपासून चाललंय हे?”

“दोन महिने होत आले. वाळूवाले आधी हवेत मारायचे. मग बोटीवर मारायला लागले.”

लांब्यानंही त्या दिवशी हवेत बार काढला नव्हता. समोरून दोन आले, त्यानं एक दिला, तो त्याच्याच हातात फुटला. आणि मी इथं बसून खिळा किती लांब असेल याचा हिशेब करत होते. फळ्या ठोकलेल्या पाहिल्या, जमिनीवर बसून जेवणारी माणसं पाहिली, मामांनी बोरूतून नेलेली बोट पाहिली. हे सगळं पाहून घरी येऊन पांढरीचा मसुदा लिहिला.

“मला का नाही सांगितलंत? नळी चमकते, त्यावर नेम धरतात, एवढं तरी.”

“सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस?”

“नसतं दिलं.”

“मग कोण गेलं असतं? लांब्या?”

 मग तेच म्हणाले, “तू गंजाला घाबरली होतीस. झोप उडाली होती तुझी. त्यात माझं आणखी कुठं घालू?”

म्हणजे यांना माझं कळलं होतं. मग मीही सांगून टाकलं. सात नंबर, मिरपुडीसारखे खड्डे, ‘चालेल’, सही. सांगताना यांच्याकडे बघवेना, सलाइनच्या बाटलीकडे बघत होते.

हे म्हणाले, “नळीत चिखल होता. लांब्या काठावरून बोटीत उतरताना नळीचं तोंड चिखलात रुतलं, मी पाहिलं. तुझा त्यात काही दोष नाही.”

मला रडू आलं. चिखल. नुसता चिखल.

सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी बरंचसं ऐकलं असावं. डबा ठेवत म्हणाल्या, “हा तुझ्यापासून लपवतो, तू याच्यापासून लपवतेस. या घरात उघड घाबरायचं काम माझ्या एकटीवरच टाकलंय तुम्ही.”

शुक्रवार, २१

दोन दिवस मी चिखलावर विश्वास ठेवला. आज हत्यारखोलीत आल्यावर सात नंबर पुन्हा हातात घेतली. तोंड धड आहे, गोल, कुठं ओरखडासुद्धा नाही. फुटली ती मध्यावर. वस्तादांनी सांगितलं होतं, आणि न सांगता मलाही ते कळत होतं.

यांना जाऊन सांगणार नाही. दुखण्यातल्या माणसानं एवढं सुचवून खोटं बोलावं, ते राहू दे त्याच्याजवळ.

रजिस्टर घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. आधी खुर्चीत बसले, त्यांनी बसा म्हणायच्या आत. पान उघडून समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल, हे धरूनच गेले होते.

साहेबांनी पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग बोट खाली नेलं. माझ्या सहीखाली त्यांची सही होती.

“मी तर नळी पाहिलीही नव्हती,” म्हणाले. “चौकशी होईल. दोघांची. लांब्याला मी जाऊन सांगतो.”

“मी येते.”

“या.”

त्याच्या घरी गेलो. लांब्या दारातच उभा होता, हाताला पट्टी. मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, “आत या” म्हणाला नाही. शिव्या घालेल असं वाटलं होतं, तेही नाही. दार लावून घेतलं. 

जिन्यावरून उतरताना साहेब म्हणाले, “शिफारस महिनाअखेर लागेलच. आता निळीच लिहा.” सगळेच म्हणतात, आता निळीच. मला निळीचे ते लाल ठिपके दिसतात, आणि पांढरी म्हटलं की मामांचे दिपलेले डोळे. दोन्हीकडे माणूसच मरतो, एकीकडे लगेच, दुसरीकडे सावकाश.

रविवार, २३

वस्ताद स्वतः हत्यारखोलीत आले. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. यांना लागल्याचं कळल्यापासून त्यांना घरात बसवत नव्हतं. पांढरी त्यांनी अंगठ्यानं चाचपली आणि विचारलं, “ही एवढी गुळगुळीत कुणी केली?”

“कारखान्यानं.”

“मग चमकते ते त्यांच्या घासण्यानं. धातूचा काय गुन्हा? खरखरीत कर की.”

मोटारीच्या गॅरेजमधून हवेचा कंप्रेसर मागवला. नळीची दोन्ही तोंडं बुचांनी घट्ट बंद केली आणि बाहेरून बारीक काचेची पूड जोरात मारली. तोंडावर जाड फडकं, डोळ्यांना चष्मा. तासाभरात चकाकी गेली. राखेच्या रंगाची, मेलेल्या उजेडाची नळी झाली. दारात उन्हात धरली, तर ऊन तिच्यावर विझल्यासारखं दिसतं.

“एक लक्षात ठेव,” वस्ताद म्हणाले, “खरखरीत झाली की मीठ धरणार. रोज गोड्या पाण्यानं पुसायला हवी. विचारपूस काही चुकत नाही बघ, कुठलीही घे.”

मिठाच्या पाण्याच्या पिंपात ठेवलीय. पाच दिवस.

जाताना वस्ताद म्हणाले, ऑपरेशनची तारीख घेतलीय. मी काही विचारलं नव्हतं.

शुक्रवार, २८

मिठानं काही केलं नाही. आज खाडीवर नेली.

साहेब म्हणत होते, काठीला बांधून उभी करा आणि पलीकडून पाहा. पण काठी हलत नाही. नळी चमकते ती माणूस वळला, मान फिरवली, खांदा बदलला की. माणूसच हवा. चौकीवरच्या कुणाला सांगण्याचं तोंड मला नव्हतं.

पलीकडच्या काठावर मामा आणि दोन शिपाई गेले, पोलिसांची लाँच त्यांच्याबरोबर. तेवढ्यापुरता तो काठ आपला होता. पण खाडी लांब आहे, बोरू सगळीकडे आहे.

पाच वाजता धक्क्यावर उभी राहिले. ऊन समोरून, तसंच कललेलं. बंदूक खांद्याला लावायची, खाली घ्यायची, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं. वीस मिनिटं, असं ठरलं होतं. पहिल्या पाच मिनिटांतच पाठीवरून घाम ओघळू लागला. बोरूतून एक पक्षी उडाला आणि मी खाली बसले. किती वेळ बसले होते माहीत नाही. धक्क्याच्या फळीवरचं शेवाळ मला अजून दिसतंय, इतक्या जवळून पाहिलं.

मग उठले. धाडस वगैरे काही नव्हतं. बसून राहिले तर चाचणी पुन्हा करावी लागेल, आणि पुन्हा इथं येणं माझ्याच्यानं होणार नाही, एवढंच कळत होतं.

कुठूनतरी इंजिनाचा आवाज आला. आपल्या लाँचचा नव्हता. जवळ आला, वाढला, वळणापलीकडे कमी झाला. तेवढा वेळ मी बंदूक खांद्याला लावून उभी होते. बारा वर्षं हे दर रविवारी इथं येतात. घरून निघताना डबा विसरतात म्हणून मी ओरडते.

मामांची बोट परतली तेव्हा बोलायला तोंडात ओल नव्हती. मामा धक्क्याला दोर टाकत म्हणाले, “ताई, काय झालं? तब्येत बरी नाही का? एवढ्या लांबून चमक दिसल्याशिवाय काही कळत नाही, आम्ही आपले बघतोय, ताई उभ्या कधी राहणार म्हणून.”

मी हातातली बंदूक पुढं केली. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पलीकडच्या काठाकडे.

“उभ्या होता?”

मी मान हलवली. मामांनी बोटीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि मी पिऊन होईपर्यंत पाठ वळवून उभे राहिले.

सोमवार, ३१

शिफारस दिली. स्टेनलेस नळी, बाहेरून खरखरीत केलेली. रोज गोड्या पाण्यानं पुसणं. महिन्यातून एकदा प्रत्येक नळीची आतून तपासणी, चौकीवर जाऊन, माझ्याकडून. सही केली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं.

साहेब म्हणाले, चौकशी संपेपर्यंत तरी काम तुमच्याकडेच आहे. पुढचं पुढं.

यांना कालच घरी आणलंय. शेवटचं कलम वाचून दाखवलं तर उठून बसले, खांदा दुखत असून. “तिथं तू जाणार? दर महिन्याला?”

“तुम्ही जाताच की.”

“माझं वेगळं.”

“कसं वेगळं?”

नेहमीसारखं ‘काही नाही’ म्हणतील असं वाटलं. उजव्या हातानं चादरीची घडी करत राहिले, मोडली, पुन्हा केली. शेवटी म्हणाले, “मला तिथं फार भीती वाटते गं. बोट वळणाला आली की पोटात कालवतं. बारा वर्षांत कधी वाटलं नव्हतं, या दोन महिन्यांत वाटतं. खांदा भरला की परत जायचं, तर आतापासूनच वाटतंय.”

पुरं वाक्य होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी त्यांचा हात धरला. दोघांचेही तळवे ओले होते.

मग म्हणाले, “बोटीत पुढं बसू नकोस. मध्ये, खाली बस, फळीवर नाही. वळण आलं की मामांकडे बघायचं, ते मान खाली घालतात तेव्हा आपणही घालायची. आणि पायात चपला नको, भिजल्या की जड होतात.”

वही आज घरीच आणली होती. ते सांगत गेले, मी लिहून घेत गेले.